उसातले उंदीर आन् मपलं माळवं

(लातूर जिल्ह्यातल्या मुरूडजवळच्या एका खेड्यात माळवं पिकवणाऱ्या सरूबाईंनी बांधावर बसून सांगितलं, तसंच लिहून घेतलं.)

मपलं माहेर तिकडं बिलोलीकडं, पार तेलंगणाच्या शिवंला लागून. बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं ऱ्हायचा, आन् आमची घरची जिमिन म्हणाल तर चुलीपुढची तेवढी. आन् ताई, उंदराचं मी आताच बोलायला लागले असं समजू नका, मपलं आन् उंदराचं लहानपणापसनं हाय. जवारी निघाली, खळं उरकलं, की मपली माय कुदळ आन् फडकं घिऊन निघायची, मालकाला इचारून, आन् बांधाबांधानं उंदराची बिळं उकरायची. उंदीर लई हिकमती, कणसं तोडून तोडून आत नेतो, रचून ठिवतो, कोठीच असती त्येची, तुमच्या घरात नसंल इतकी नीट लावलेली. ती कणसं आमी फडक्यात बांधून आणायचो, झोडपायचो, आन् त्या जवारीच्या भाकरीवर आमी भावंडं वाढलो, लाज कशाची. माय मातर मूठभर कणसं मागं ठिवायची, म्हणायची, त्येलाबी लेकरं असतेत. तवा मला उंदराचा राग असा कधी आलाच न्हाई. म्हंजे लगीन हुईस्तोवर न्हाई आला.

लगीन होऊन इकडं आले. आमचे मालक, मपला नवरा, लई मवाळ मानूस, कधी मोठ्यानं बोलले न्हाईत. वावर थोडंच व्हतं, पण इहिरीपशी एक तुकडा पडीक व्हता, नुस्ते दगडगोटे, ते म्या इचून इचून काढले आन् तिथं माळवं लावलं, वांगी, मिरच्या, मेथी, गाजरं, कडंला थोड्या भुईमुगाच्या शेंगा. मुरूडच्या बाजारात पाटी घिऊन बसायची, तर बाया लांबून यायच्या, म्हणायच्या सरूबाई, तुमच्या वांग्याला चव हाय. काय सांगू तुमाला, त्या तुकड्यावर मपला लेकरासारखा जीव. मालक गेले तवा सगळे पाव्हणे पांगल्यावर मी तिथंच जाऊन बसले, रडले, आन् रडता रडता तण काढलं. तो तुकडा नसता तर माझं काय झालं असतं, मला ठावं न्हाई.

पुढं बोअर झाले, पाणी आलं, आन् ज्याच्या त्याच्या रानात ऊसच ऊस. आमच्याबी. आता उसात उंदराला काय कमी, सावली हाय, खायाला गोड हाय, वरीसभर कोणी हलवीत न्हाई. पण तोड आली की सगळी फौज उघड्यावर येती, आन् मग जवळ काय हाय, तर सरूबाईचं माळवं. गाजराचा पाला वरून हिरवागार दिसून राहिला, आन् उपटावं तर खाली गाजरच न्हाई, पाल्याला नुस्ती टिकली. शेंगाचं तर इचारूच नका, टरफलं तेवढी ठिवून जायचे, मला झाडायला.

मपला लेक बालाजी, वावर आता त्योच बघतो. त्यो म्हणला, माय, कशाला जीव आटवती, उंदरालाच पिकवून राहिली तू. औंदाचं साल बघू, औंदाबी त्येनीच खाल्लं तर पुढच्या साली तिथंबी ऊस लावू. म्या म्हणलं बरं. तोंडानं बरं म्हणलं, पण त्या दिसापसनं मला घास गोड लागंना. त्याला ऊसच लावायचाय, उंदीर निस्तं निमित्त, असं माझ्या मनानं घेतलं.

मग लागले ना मी उंदराच्या मागं. गाडग्यात गवरी पेटवली, वर मिरच्या टाकल्या, बिळाच्या तोंडाला गाडगं लावून सुपानं वारा घातला. मीच ठसकून ठसकून बेजार, नाकाडोळ्याला पाणी, आन् उंदीर मागल्या बिळातनं निघून बांधावर बसलेला, माझ्याकडं बघत. पिंजरा ठिवला, पयल्या दिशी घावला एक, मग बाकीचे पिंजऱ्याला वळसा घालून जायला लागले. शेजारणीची मांजर आणली, ती दूध पिऊन झाडाखाली निजली, बाई. माहेरी बिळं उकरली ती पीक निघाल्यावर, हितं उभ्या माळव्यात कुदळ घालावी तर माझीच मुळं तुटायची.

बालाजीनं औषध आणलं. म्या म्हणलं, माळव्यात इख न्हाई पडायचं, बाया हितं हातानं मेथी खुडून नेतेत, लेकरं गाजरं तशीच चावतेत. त्यो म्हणला, बांधावर टाकतो, पल्याड. म्या ते तिथंच सोडून दिलं. येळवस तोंडावर आली व्हती, घरात सोयपाकाची गडबड, भांडण कुठं वाढवता.

येळवस म्हंजे येळ अमावस्या, आमच्या लातुराकडं दिवाळीपरीस मोठी. त्या दिशी गावात मानूस सापडायचं न्हाई, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हंजे खोपटं, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची, निवद दावायचा, आन् मग भज्जी, म्हंजे डाळी-भाज्यांची मिसळ भाजी, आंबील, तिळाच्या पोळ्या, आन् उंडे. उंडे म्हंजे बाजरीच्या पिठाचे उकडलेले गोळे, भज्जीत कुस्करून खायचे. पयलं पाव्हण्याला वाढायचं, घरधनी सगळ्यात शेवटी जेवायचा, ही रीत.

आदल्या दिशी बालाजी कोप करायला गेला आन् तिथंच त्यानं औषधाचे गोळे वळले, पीठ, गूळ, तेल, त्यात ते इख. घरी लेकरं हायेत म्हणून घरी नको, म्हंजे त्यानं इचार करूनच केलं. तेवढ्यात मोटार बंद पडली म्हणून फोन आला, त्यानं गोळे एका डब्यात भरले, डबा कोपीत कडब्याच्या कडंला सारला, आन् गेला त्यो इसरूनच गेला.

दुसऱ्या दिशी आमी डोक्यावर पाट्या घिऊन पोचलो. डब्यात डबे मिसळले. मपली नणंद, गंगाक्का, किल्लारीला दिलेली, दर येळवसीला येती, माहेरचं रान म्हणून. तिचं ताट पयलं. सुरेखा, मपली सून, वाढत व्हती, तिनं हाताला लागला त्यो डबा उघडला आन् आक्काला दोन उंडे वाढले. आक्कानं भज्जीत कुस्करले. मी आंबिलीचा तांब्या घिऊन वाकले आन् मला गुळाचा वास आला. आता उंड्याला गूळ कुठनं? गूळ तर उंदराच्या औषधाच्या गोळ्यात घालतेत. घास तिच्या हातात, हात तोंडाकडं निघालेला, आन् म्या ताई, तांब्या टाकला आन् तिच्या हातावर जोरात फटका मारला. घास उडाला, ताट पालथं.

 येळवसीचं ताट, माहेरवाशिणीचं, आन् भावजय हातावर मारती. आक्काचं तोंड रडवेलं झालं, म्हणली, वयनी, भाऊ गेला म्हणून माहेरबी गेलं व्हय माझं? म्या निस्तं त्या डब्याकडं बोट केलं. आन् बालाजी उठला, पांढराफटक पडलेला, म्हणला, आत्या, मायला बोलू नका, त्यात औषध हाय, उंदराचं, म्या केलंय, मीच इसरलो.

आक्काचे हात साबणानं धुतले, चूळ भरायला लावली, ते गोळे, सांडलेलं समदं, खोल खड्डा करून पुरलं. मग सगळे बसले, पण घास कोणी उचलंना. शेवटी आक्काच म्हणली, बालाजी, कशाला केलं व्हतं रे हे? त्यो म्हणला, माळव्यात उंदीर झालेत. आक्का म्हणली, मग तुला तर ऊसच लावायचाय ना तिथं, वयनीनं सांगितलं मला. त्यो खाली मान घालून म्हणला, ऊस लावला तर माय कुठं जाईल बसायला, आत्या? औंदा तरी तिचं गाजर हाताला लागावं म्हणून केलं.

आन् मी वरीसभर लेकाला मनात काय काय बोलले व्हते. मी तोंडाला पदर लावून रडले, लपवलं न्हाई. आक्का म्हणली, वाढ आता, मला भूक लागली, आन् नीट बघून वाढ. मग सगळे हसले.

त्या सालापसनं आमच्यात औषध न्हाई. बालाजीनं उसाच्या दोन सऱ्या मोडल्या, माळव्याच्या कडंनं उघडी पट्टी ठिवली, गवताची काडी नसती तिथं. उंदीर उघड्यावर भितो, वर घार असती. ऊस तुटला की आमी मायलेक बांधावरची बिळं उकरतो, त्यो कुदळ मारतो, मी मागलं तोंड दाबून धरते. तरी येतेत. चार गाजरं जातेत, जाऊ द्या. देव त्येंचंबी पोट भरू दे, पण जरा लांबच्या रानात.

आन् येळवसीला आता काय व्हतं सांगू? पांडवाला निवद दावला की आमचा बालाजी पाव्हण्याच्या आधी जेवाय बसतो. दर डब्यातलं एक एक उचलतो, कुस्करतो, सोता खातो, जरा थांबतो, मग म्हणतो, हां, आता आत्याला वाढा. गावातली लोकं थट्टा करतेत, म्हणतेत, सरूबाई, तुमच्या लेकाला दम निघंना वाटतं. मी म्हणते हाव, लई खादाड हाय मपला लेक.