गोलकीपरचा स्वेटर

डोळ्यांच्या दवाखान्यात आजी लाल स्वेटर विणत होत्या, आजोबा टाके न्याहाळत होते. शेजारी बसलेल्या एका मुलीने हातातलं पुस्तक मिटलं आणि ती ऐकू लागली.

"अगं, टाके फारच सरळ येतायत," आजोबा म्हणाले. "जुन्या स्वेटरात कुठे घट्ट होते, कुठे सैल."

"तेव्हा हात बसला नव्हता माझा."

"आम्ही फुटबॉल क्लब काढला तेव्हा अकराव्या जर्सीला कापड पुरलं नाही, म्हणून गोलकीपरला माझा स्वेटर चढवला. आज क्लब पहिल्या श्रेणीत आहे, पगारी खेळाडू आहेत, तरी गोलकीपर लालच घालतो. रविवारी क्लबवाले तो जुना स्वेटर न्यायला येतील, काचेच्या पेटीत ठेवायला. आणि तू तो केव्हाच उसवून बसलीस."

"लेक गारठत होती अहो, त्याच लोकरीचा तिला झगा विणला. तेव्हा तुमचा क्लब म्हणजे एक ठिगळाचा चेंडू."

"बरं, आता वाकडे घाल टाके. त्यांच्याकडे जुना फोटो आहे, लगेच ओळखतील."

"हा तीनदा उसवला. मुद्दाम चुकायला जमत नाही."

आजोबांनी टाक्यांवरून बोट फिरवलं.

"मग सरळच विण. जुना लेकीच्या अंगाला लागला, असं सांगतो त्यांना."

"आणि पेटीत काय ठेवतील?"

"ते त्यांचं बघतील. हा मला होतो का, ते बघू दे."