देवाने नाक दिलंय ना?

दाढ दुखते म्हणून नवापूरची मंदा बोईसरला दातांच्या डॉक्टरकडे आली होती. गालाला रुमाल लावून नंबराची वाट बघत होती. शेजारी कारखानदार हितेश आपल्या मित्राला, कृष्णकांतला, तावातावाने पटवत होता.

"सरकारचं काम काय? चोर पकडणं. बाकी माणसाला मोकळं सोडावं. माझा कारखाना कसा चालवायचा, हे इन्स्पेक्टरने का सांगायचं?"

"पण कामगारांच्या जिवाचं कोण बघणार?"

"ज्याचा जीव त्याने बघावा! पटलं तर काम करा, नाहीतर दुसरीकडे जा. कोणाला बांधून ठेवलंय का?"

"आणि गॅस सुटला तर?"

"त्याचा भोंगा लावायला लावलाच की सरकारने. उगाच कधीही बोंबलायचा, माणसं काम टाकून पळायची. दिवाळीपासून बंदच करून ठेवलाय."

"बंद? हितेश, काय बोलतोयस तू!"

"अरे, त्या गॅसला वास येतो, सडक्या अंड्यासारखा. देवाने नाक दिलंय ना प्रत्येकाला? त्याला लायसन लागत नाही."

मंदाने गालावरचा रुमाल काढला.

"दादा, तुमची कंपनी ती पिवळ्या गेटाची का? रंगाची?"

"हो मावशी. का?"

"माजा भावेश तितंच हाय."

"मग विचारा त्याला, कोणी जबरदस्ती करतं का."

"जबरदस्ती नाय वो. पण दादा, मी सुका बोंबील भाजला का चार घरं सोडून वास जातो. आणि दोन महिने झाले, बोंबील तव्यावर असतो नि भावेश बाजूच्या खोलीतून विचारतो, आये, आज काय भाजलंच नाय का?"