तंटा मिटल्याचा फोटो

तू शेजाऱ्यावर अर्ज खुशाल टाक बाबा, पण आधी माझं ऐकून घे.

पिंपळगावात आमच्या शेजारच्या नामदेवभाऊच्या मोरीचं पाणी बराबर माझ्या दारात यायचं. मी रोज सकाळी ओरडायचो, "भाऊ, तळं झालं!" भाऊ आतून म्हणायचा, "मंग मासे सोड!" भांडण व्हायचं, चहाबी त्याच्याच वट्ट्यावर व्हायचा.

एक दिवस पोरीला पाहायला आलेला पाव्हणा त्या पाण्यात घसरून पडला. तिरमिरीत मी ग्रामपंचायतीत अर्ज टाकून आलो.

ग्रामसेवक म्हणले, "नाली मंजूर व्हायला टाइम लागंल. तवर तंटामुक्ती समितीत मिटवून घ्या."

समितीनं "आपसात मिटलं" अशा कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आन फोटोसाठी हातात हात द्यायला लावला. ग्रामसेवक म्हणले, "हसा की जरा!" आम्ही हसलो.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणला, "अर्ज कशाला दिलास रे? मला सांगायचं व्हतं."

मी म्हणलं, "रोज सकाळी सांगतच व्हतो की."

"ते सांगणं व्हतं व्हय? मला वाटलं, आपलं बोलणं चालू हाय."

चार दिवसांत त्यानं स्वतःच्या खर्चानं पाणी जिरवायचा खड्डा खांदला. दार आता ठणठणीत कोरडं हाय. भाऊ समोरून जातो, पण बोलत न्हाई. अन् मला तरी हाक मारायला आता कारण काय उरलं?

फोटो पंचायतीत लावलाय. त्यात आम्ही अजून हसून राह्यलो.