गठ्ठा वर

...नाही हो, पट्टा सैल करायचा नाही असं डॉक्टर बजावून गेलेत, म्हणून तर मी तुमच्याकडे नुसतं तोंड न वळवता असा अख्खाच्या अख्खा वळून बोलतोय, कपाट सरकवल्यासारखा. आणि येणारा प्रत्येक जण विचारतो काय, तर "मानेला काय झालं?" मानेला काय व्हायचंय? जन्मभर जे केलं त्याचं फळ मिळालं तिला. तुम्हाला सांगतो, कुणी काही समजावून सांगायला लागलं की माझी मान आपोआप डोलते. मला कळायच्या आधी तिला कळतं. शाळेत गणिताच्या मास्तरांनी विचारलं, "कळलं का?" मी मान डोलावली. लग्न ठरताना हिनं विचारलं, "सुट्टीत माझ्या माहेरी शेतावर यावं लागेल, काम पडलं तर करावं लागेल, चालेल ना?" मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

तर यंदा सुट्टीत आम्ही तिथं पोचलो आणि नेमकी सासऱ्यांची कंबर धरली. चपला घालायला म्हणून वाकले ते वाकलेलेच राहिले. इकडे वरच्या शेतात गवताचे गठ्ठे पडलेले, आभाळ भरून आलेलं, आणि गठ्ठा एकदा भिजला की आतून कुजतो, मग गाईंनी वर्षभर खायचं काय? आणि गठ्ठा म्हणजे डोक्यावरून आणायचा भारा नव्हे बरं का. गोल, माझ्या छातीएवढा उंच, आणि वजनाला माझ्यासारखे सहा-सात जावई. तो हलवायचा ट्रॅक्टरनं. आणि तो ट्रॅक्टर... घरात सगळे त्याला 'म्हातारा' म्हणतात. "म्हातारा आज बिघडलाय, जवळ जाऊ नका," असं सासूबाई म्हणाल्या की सुरुवातीला मी सासऱ्यांपासून लांब बसायचो. डोक्यावर छप्पर नाही, बसल्यावर बांधायला पट्टा नाही, उलटला तर आपल्याला वाचवायला वर लोखंडी कमानसुद्धा नाही. पुढे नुसते दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला गठ्ठ्यात खुपसायचे सुळे. पण सासऱ्यांचा त्याच्यावर इतका जीव, इतका जीव, की आजवर त्यांनी मला तो फक्त पुसायला दिला होता.

बायको म्हणाली, "मी आणते गठ्ठे." लहानपणापासून तिला त्याची सवय. आणि मी काय म्हणालो? "मी असताना तू?" आता मी कोण, तर चष्म्याच्या दुकानातला माणूस! दिवसभर माझं काम एकच, "वर बघा, खाली बघा, नाकाला टोचत नाही ना?" त्या दुकानात मी उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे आरसा. पण वाटलं, एकदा तरी सासऱ्यांनी आपल्याला त्या सीटवर बघावं. पुसणारा जावई म्हणून किती वर्षं काढायची?

सासरे व्हरांड्यात खाटेवर पडल्या पडल्या सांगायला लागले. "जावईबापू, नीट ऐका. मागे वजनाचा ठोकळा लावल्याशिवाय पुढे गठ्ठा उचलायचा नाही, नाहीतर मागची चाकं हलकी होतात." मी मान डोलावली. "गठ्ठा गुडघ्याएवढाच उचलायचा आणि हळू न्यायचा." मान डोलावली. "आणि उतारावर गठ्ठा वर ठेवायचा. तेवढं विसरू नका." मान डोलावली, पण आत कुठंतरी खटकलं. आत्ता म्हणाले गुडघ्याएवढा, लगेच म्हणतात वर? विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं तर कळलं नाही असं कळेल ना! मग मी माझं डोकं चालवलं. सपाटीवर खाली, उतारावर वर, म्हणजे गठ्ठा जमिनीला घासू नये. किती सोपं...

ठोकळा लावला. म्हणजे हिनं लावला, मी बाजूला उभा राहून "घट्ट कर" म्हणालो. तो होता म्हणूनच आज तुमच्यापुढे बसून बोलतोय. मग ही खाली गोठ्याशेजारी जागा करायला गेली आणि मी शेतात गठ्ठ्यात सुळे खुपसले, गुडघ्याएवढा उचलला, निघालो. सपाटीवर इतकं झकास चाललं की मी शीळ घालायला लागलो. मग आला उतार. खाली बरोबर समोर घर, व्हरांडा, खाटेवर सासरे. मला वाटलं, आता बघाच. आणि नाक खाली करून सरळ उतारावर घातला म्हातारा, आणि दांडा ओढून गठ्ठा घेतला वर.

वर घेतल्याबरोबर समोरचं घर, रस्ता, आभाळ सगळं गेलं आणि उरलं फक्त गवत. खालून सासऱ्यांचा आवाज आला, "जावईबापू, वर! अहो गठ्ठा वर!" मी आणखी वर घेतला. गोठ्याकडून बायको ओरडतेय, "अहो खाली! खाली घ्या!" सासरे म्हणतात वर, बायको म्हणते खाली, आता तुम्हीच सांगा, माणसानं ऐकायचं कुणाचं? लग्न झाल्यापासून मी बायकोचं ऐकत आलो आणि सुखात होतो. नेमकं त्या दिवशी सासऱ्यांचं ऐकलं.

मागची चाकं उचलली. म्हाताऱ्यानं पुढे वाकून नमस्कारच घातला, गठ्ठा सुळ्यांवरून सुटला, आणि पुढचा भार गेल्याबरोबर मागची चाकं धाडकन खाली आली. माझी मान म्हणाली, कट्ट. आणि गठ्ठा निघाला की हो... गडगडत, कुंपण मोडून, सरळ व्हरांड्याकडे. देवाशपथ सांगतो, ज्या माणसाला कुशीवर वळवायला दोघं जण लागत होते, तो माणूस खाटेवरून उठून पायऱ्यांवरून उडी मारून पार विहिरीपर्यंत गेला. गठ्ठ्यानं खाटेचा भुगा केला आणि भिंतीला टेकून थांबला. सगळं शांत झालं. फक्त एक गाय निवांत आली आणि खायला लागली.

ही धावत वर आली. आधी ट्रॅक्टर बंद केला, चाकांना दगड लावले, मग मला उतरवलं, मान चाचपली, आणि रडत रडत माझ्या पाठीत धपाटे घातले. "वर म्हणजे चढाच्या बाजूला हो! उतरताना ट्रॅक्टर उलटा घ्यायचा, म्हणजे गठ्ठा वरच्या अंगाला राहतो. कळलं नव्हतं तर विचारायचं तरी!" मग म्हाताऱ्यावर तीच बसली आणि गुडघ्याएवढा गठ्ठा घेऊन एकेक खेप उलटी, मुंगीच्या पावलानं उतरवत, पाऊस यायच्या आत सगळं गवत आत नेलं.

आणि आम्ही? विहिरीजवळ सासऱ्यांची कंबर पुन्हा धरली. तेव्हा एका खोलीत, एका कॉटवर ते, दुसऱ्या कॉटवर मी, दोघंही छताकडे बघत. ते म्हणाले, "जावईबापू, चूक माझीच."

मी म्हटलं, "नाही हो, असं कसं."

"नाही, माझीच. ट्रॅक्टर घेताना मी चाकं बघितली, इंजिन बघितलं, नटबोल्टसुद्धा हलवून बघितले. पोरीच्या लग्नाला मात्र घाई केली. वर नीट बघितलाच नाही." मग विचारलं, "कळलं का?"

तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट मला पहिल्या फटक्यात पूर्णच्या पूर्ण कळली होती. आणि नेमकी तेव्हाच मान डोलवायची सोय नव्हती.