जुन्या कार्डाचा ड्रायव्हर

हसणार नसाल तर सांगतो. गेल्या महिन्यात मी जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स घातलं आणि वायफायच बंद पडलं. आतल्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, कुठं मिळेना. दुसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीची पीएचडीची तोंडी परीक्षा मला ऑनलाइन घ्यायची होती. फोनवर तिच्या प्रबंधातल्या आकृत्या मला दिसत नाहीत, आणि ‘जमत नाही’ असं कळवलं तर म्हातारा संपला, असंच सगळे म्हणणार.

"एवढं शिकलासा, आणि एक कार्ड चालंना व्हय?" बायको म्हणाली. "इचारा की कुणालातरी!"

मग फोनवरून लिनक्सवाल्यांच्या मंचावर लिहिलं. आधी वयाबद्दल माफी मागितली, मग अज्ञानाबद्दल, मग लांबलचक पत्राबद्दल. तासाभरात परदेशातून कुणाचंतरी उत्तर आलं, "माफी पुरे. कार्डावरचा नंबर पाठवा."

झाकण उघडून, भिंग लावून नंबर वाचला आणि तीनदा ताडून पाठवला. संध्याकाळपर्यंत त्या गृहस्थानं ड्रायव्हर दुरुस्त करून धाडला. तो फोनवरून लॅपटॉपवर चढवला, आणि कोपऱ्यावरच्या तालमीपासून समोरच्या डेअरीपर्यंत सगळ्यांची वायफाय पडद्यावर उमटली. वर्गात गुरुजी आल्यावर पोरं उठतात तसा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

परीक्षा नीट पार पडली. मंचावरच्या त्या गृहस्थांचे आभार मानताना मी त्यांना विचारलं, "एवढं जुनं कार्ड. अजून वापरतं तरी कोण, की तुम्ही दिवसभर खपलात?"

उत्तर आलं, "कालपर्यंत मी एकटाच होतो. आता आपण दोघं आहोत."