मीनलचा ओठ

आम्ही मूळचे कुडाळकडचे. म्हणजे वडील तिकडचे, मी काय, गोरेगावातच जन्मले, गाव फक्त मे महिन्यात. वडील मिलमध्ये होते, मिल गेली तसे एका शाळेत शिपाई लागले, आणि आम्हाला सांगायचे, देव मानायचा पण त्याला फार त्रास द्यायचा नाय. घरात दीड दिवसाचा गणपती, बाकी वर्षभर एक दिवा, संपलं. त्यामुळे लग्न होऊन मी कुरारला सासरी आले आणि मठीचं सगळं बघितलं ना, तेव्हा काय सांगू तुम्हाला ताई, मला भीती नाय वाटली, उलट भारी वाटलं. आपण आतापर्यंत देवाच्या बाबतीत अगदीच कोरडे होतो की काय, असं वाटलं.

मठीचं नाव घेत नाही, माणसं अजून ओळखीची आहेत. दुकानांच्या वर एक मोठा हॉल होता, त्यालाच मठी बोलायचे, आणि तिथले जे गुरू त्यांना सगळे नुसतं मोठे म्हणायचे. बारीक माणूस, आवाज इतका हळू की पंखे बंद करून ऐकायला लागायचं. आणि अमावस्येला सगळी मिळून नाम घ्यायची, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, तेव्हा जमिनीतून कंप यायचा, इथं छातीत लागायचा. ते खोटं होतं असं मी आजही बोलणार नाय. माझ्या अंगावर काटा यायचा तो खरा होता. आणि दुसरं म्हणजे माझे सासरे आधी दारूत पार बुडालेले, मोठ्यांनी त्यांचा हात धरून सांगितलं आजपासून नको, आणि सुटली. त्यानंतर मरेपर्यंत थेंब घेतला नाय त्या माणसानं. मग ज्या घराला त्यांनी असं वर काढलं ते घर त्यांचा शब्द मोडणार कसा, सांगा तुम्ही.

नियम मात्र कडक. मठीबाहेरच्या माणसाच्या हातचं खायचं नाय, माझ्या आईकडचंसुद्धा नाय. टीव्ही नाय, पेपर नाय. शरीराला सुरी लावायची नाय, म्हणजे ऑपरेशन कसलंच नाय. आणि का असं विचारायचं नाय. मी एकदा विचारलेलं, आईच्या हातच्या भाकरीत काय वाईट असतं, तर आमच्या सासूबाई हळूच बोलल्या, गो, विचारू नको, मनात इला तरी गिळ. सासूबाई वाईट नव्हत्या हां. मला कधी टोचून बोलल्या नाहीत त्या.

मला बरीच वर्षं मूल नव्हतं. मग मोठ्यांनी ओटीत नारळ दिला आणि त्या वर्षी दिवस गेले. सगळी मठी खूश. मोठ्यांचं बाळ, मोठ्यांचं बाळ, असंच बोलायचे सगळे. पाचवा महिना लागला आणि ग्रहण आलं, दुपारचं, सूर्याचं. मला मठीच्या आतल्या खोलीत नेलं, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, कानात कापूस घातला आणि सरळ आडवं केलं. पाणी नाय, कूस बदलायची नाय, बोट वाकवायचं नाय. सासूबाई पायथ्याशी बसल्या, माझी दोन्ही पावलं हातात धरून. गालावर डास बसला, तो पोट भरून उठून गेला, मी हात उचलला नाय. इतकी मी मनापासून करत होते.

आणि मीनल जन्मली ती दुभंगलेला ओठ घेऊन. वरचा ओठ मधोमध नाय, जरा डावीकडे, पार नाकपुडीपर्यंत उघडा. सिस्टरनी हातात दिली तेव्हा मला आधी काय कळलंच नाय, मला वाटलं जन्मताना लागलं असेल. पाजायला घेतलं तर दूध त्या फटीतून बाहेर. मग वाटी-चमच्यानं थेंब थेंब पाजायची. पण डोळे ताई, काय डोळे होते तिचे, आणि हसायची तेव्हा ते अख्खं तोंड उमलायचं, दोन्ही बाजूंना.

सव्वा महिन्यानंतर मठीत घेऊन गेलो. मोठ्यांनी बघितलं, आणि त्या हळू आवाजात मला विचारलं, रंजना, ग्रहणात काय केलंस तू. मी बोलले, काही नाय केलं. ते बोलले, आठव. सगळा हॉल माझ्याकडे वळून बघायला लागला. कोणी रागात नव्हतं, सगळ्यांना माझी दया येत होती, आणि तेच वाईट होतं. मी खाली बघून आठवायला लागले आणि खरंच मला वाटायला लागलं, झोप लागली असेल, झोपेत हलले असेन, काहीतरी केलंच असेल मी. सासूबाई बाजूलाच बसलेल्या, त्या काही बोलल्या नाहीत. मग मोठे बोलले, हा भोग आहे, मुलीला सुरी लावू नका, शिवलात तर पुढच्या जन्मी दुप्पट होऊन येईल.

घरी आलो. जेवायला बसलो तेव्हा आमचे हे, म्हणजे दिलीप, ताटाकडे बघत होते. सासूबाई आमटी वाढायला उठल्या, पातेलं हातात तसंच, आणि बोलल्या, ता हलूक नाय. ह्यांनी विचारलं, काय. तर बोलल्या, रंजना हलूक नाय दिलीप. तेचे पाय माझ्या हातात होते. मोठ्यांका काय म्हायत, थंय मी होतंय.

बस. पातेलं खाली ठेवलं आणि आत गेल्या. इतकी वर्षं मी त्या बाईला मोठ्यांच्या शब्दावर हूं सोडून दुसरं काय बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी कामावर खाडा केला. हे लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. बोलले, चल, पोरीला दाखवूया, नुसतं दाखवूया, पुढचं पुढे. गेलो म्युनिसिपालटीच्या हॉस्पिटलात. तिथं एक डॉक्टरबाई होती, माझ्याहून लहानच असेल, केस कसेतरी बांधलेले. तिनं मीनलच्या ओठाला बोट लावलं आणि बोलली, छान आहे, होईल हे. छान बोलली ती. तोपर्यंत माझ्या पोरीला छान कोणीच बोललं नव्हतं. मी मग धीर करून विचारलं, डॉक्टर, मी ग्रहणात हलले असेन का. तिनं हसण्यावारी नाय नेलं. खुर्ची जवळ घेतली आणि विचारलं, कितवा महिना होता तुमचा. मी बोलले, पाचवा. तर बोलली, अहो, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, तोंड बनून किती दिवस झालेले तेव्हा. ग्रहण नंतर आलं.

ग्रहण नंतर आलं. मी ते दोन-तीनदा तोंडातल्या तोंडात बोलले.

मग तिनं मला समजावलं की पोटात चेहरा कसा बनतो. एका बाजूनं थोडा येतो, दुसऱ्या बाजूनं थोडा येतो, आणि नाकाच्या खाली येऊन एकमेकांना भेटतात. कोणाचे भेटता भेटता राहून जातात, का ते नेहमी कळत नाही, आईचा त्यात दोष नसतो. बोलली, तुमच्या वरच्या ओठावर बोट ठेवा. नाकाखाली खाच लागते ना, तिच्या दोन कडा लागतात ना, तिथंच जुळलेलं आहे ते. तुमचं पण, माझं पण.

ताई, हसाल तुम्ही, पण मी हॉस्पिटलातून घरी येईपर्यंत माणसांचे ओठ बघत होते. रिक्षावाल्याच्या ओठावर ती खाच. सिग्नलला हवालदार, त्याच्या मिशीत ती खाच. भाजीवाली, पोलिओचे डोस देणाऱ्या बाया, टाय लावलेला कोण साहेब, सगळ्यांच्या ओठावर तीच. सगळी एकेकाळी उघडी होती आणि कोणाला कळायच्या आत, अंधारात, कोणी न सांगता जुळून गेली. मला त्या रस्त्यात रडायलाच आलं, पण दुःखानं नाय. मठीत काटा यायचा ना, तसाच अंगावर आला, आणि तिथं तर नाम चालू नव्हतं, हॉर्न वाजत होते नुसते.

ऑपरेशन केलं, वजन भरल्यावर. मठीनं त्याच दिवशी आम्हाला तोडलं. शेजारी मठीतलेच, जिन्यात भेटले तर भिंतीकडे बघायचे. माझी एक मैत्रीण होती, नाम घेताना आम्ही नेहमी शेजारी बसायचो, तिनं मला बाजारात बघून रस्ता बदलला. आणि खरं सांगू, मीनलला बाहेर आणली, ओठ शिवलेला, सुंदर, तर मी आधी घाबरलेच. मला तिचं ते जुनं मोठं हसू पाहिजे होतं, ते गेलं होतं. डॉक्टरबाई बोलली, बऱ्याच आयांना असं होतं. मग दोन दिवसांनी मीनल नव्या ओठानं हसली, आणि झालं.

सासूबाईंना मठीनं सांगितलं, त्या घरात राहायचं नाय. त्या मुलुंडला थोरल्या दिरांकडे गेल्या, ते अजून मठीचेच आहेत. आम्ही पण मग कुरार सोडून इकडे दिंडोशीला आलो. जाताना सासूबाई बोलल्या, माका मठी सोडूक होवचा नाय गो, ह्येंची दारू थंयच सुटली. खरंच होतं ते.

सुटलो असं लगेच वाटत नाय हां. पुढे कितीतरी वर्षं मीनलला ताप आला की मला वाटायचं, झालं, आलं फिरून. एकदा ह्यांच्या हातावर लिफ्टची तार तुटून आली, हाडाला लागलं, मी हॉस्पिटलात मनात मोठ्यांची माफी मागत बसले. हे बोलले, अगं ती तार जुनी होती, मी सोसायटीला सांगून सांगून थकलो, मोठ्यांचा काय संबंध त्यात. मला पटायचं, पण डोक्याला पटतं ते पोटापर्यंत जायला वेळ लागतो.

मीनल चौथीत असताना परत ग्रहण आलं, नाताळच्या सुट्टीत, सकाळचं. मी सवयीनं पडदे ओढले. पोरगी सुट्टीच्या आधीच शाळेतून काळा चष्मा घेऊन आलेली, बाईंनी सगळं समजावलेलं, बोलली, मम्मी चल खाली. मी बोलले, तू जा पप्पांबरोबर. तिनं माझा हात सोडला नाय, चल ना यार मम्मी, काय होतंय. गेले. बिल्डिंगच्या खाली मोठं शिरीषाचं झाड आहे. ऊन होतं पण फिकं, जसं कोणीतरी दिव्याची वात कमी केली. मी वर बघायची हिंमत केली नाय, खाली बघत होते, आणि खाली बघते तर झाडाच्या सावलीत, पानांच्या फटींतून जे उन्हाचे कवडसे पडतात ना गोल गोल, ते गोल नव्हते. सगळे कोरीसारखे, चंद्रकोरीसारखे. शेकडो. जमिनीवर, पार्क केलेल्या स्कूटरवर, वॉचमनच्या शर्टावर, माझ्या पायांवर, मीनलच्या केसांत. वारा आला की सगळ्या कोरी एकदम हलायच्या. वर सूर्य जसा दिसत होता तसाच इवला इवला होऊन खाली सांडलेला. मीनल बोलली, प्रत्येक फट फोटो काढते मम्मी सूर्याचा. मी तिथं उभीच राहिले. चष्मा लावून वर पण बघितलं मग. आणि मला येवढंच वाटलं, की हे असं असतं, आणि माझ्यापासून ते घोंगडी लावून लपवलं होतं.

तेव्हापासून पोटातली भीती गेली. कुठं गेली माहीत नाय.

देव आहे का असं तुम्ही विचाराल, सगळे विचारतात. मला माहीत नाय. जे मला सांगितलेलं त्यातलं बरंचसं खोटं निघालं, मग बाकीचं खरं कशावरून. पण नमस्कार करायची हौस गेली नाय माझी. आता मी स्कूलबसवर मावशी आहे, पोरांना चढवते उतरवते. सकाळी ती झोपाळलेली तोंडं एकेक करून वर येतात, आणि मी अजून बघते ओठाकडे. कसे सगळे जुळून आले असतील, वाटतं. हात जोडावेसे वाटतात. कोणाला, ते विचारू नका.

मीनल दहावीत आहे. अजून एक ऑपरेशन बाकी आहे, नाकपुडीचं, ती बोलते बोर्डाची परीक्षा झाल्यावर बघू, मला काय घाई नाय. रेघ दिसते अजून, बारीक. ती लपवत नाय.

सासूबाई गेल्या महिन्यात चार दिवस राहायला आल्या. मठीला सांगून आल्या की न सांगता, मी विचारलं नाय. संध्याकाळी कोपऱ्यात बसून त्यांचं नाम घेतलं, मी आमचा टीव्ही बंद ठेवला तेवढा वेळ. निघताना मीनल पाया पडली. आता मठीची रीत अशी, की आशीर्वाद कोणी आपला म्हणून द्यायचा नाय, मोठ्यांच्या नावानं सुखी राहा, असंच बोलायचं, आपण कोण देणारे. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि बोलल्या, सुखी रव गो माझ्या बाय.

येवढंच बोलल्या. मी दारात त्यांची पिशवी घेऊन उभी होते. मग रिक्षा बोलावली.