खाजणातल्या गिऱ्ह्याची रोजरी

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. फादर गालात हसले, नवरा तोंडावर हसला, आणि पास्कू डोलकर तर चर्चच्या पायरीवर पोट धरून हसला. "चौथी शिकलेल्या बाईला भूत भेटलं, तेही रोजरी म्हणणारं!" हसा म्हटलं, हसा. आता तुम्ही पोरीबाळी जमलाच आहात तर ऐका. आणि तो दिवा मोठा करा गं कोणीतरी, तोंडं दिसू देत मला.

तर ऑक्टोबर होता. ऑक्टोबरभर आपली मरियामाऊलीची मूर्ती घरोघर फिरते. रोज नवं घर, त्या घरी रोजरी. पुढच्या घरी पोचवायची कोणी? जिच्या घरी मुक्काम झाला तिनं, स्वतःच्या हातांनी. माझ्या आजेसासूच्या काळापासून एक दिवस खंड नाही. वादळातसुद्धा नाही! त्या दिवशी मूर्ती माझ्या घरून पलीकडच्या पाड्यावर जायची होती, आठाच्या रोजरीला. आणि नेमकी त्याच दिवशी होडी उशिरा लागली. मासळी निवडता निवडता काळोख पडला. रस्त्यानं गेलं तर तासभर. खाडीकाठच्या दलदलीतून, खाजणातल्या बांधावरून पंधरा मिनिटं. आणि हा खंड माझ्या नावावर पडला असता तर? मेल्यावरही बायका बोलल्या असत्या.

गेले बांधावरून! माऊली शालीत गुंडाळली, छातीशी धरली, बोटांत माळ. भीती? छे! थोडी वाटली म्हणून तर माळ सुरू केली.

रोजरी म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच दहाके, आणि ती दोघांत म्हणायची असते. एकानं अर्धी नमो मरिया, उरलेली अर्धी दुसऱ्यानं. मी एकटी, म्हणून दोन्ही अर्ध्या माझ्याच. तिसऱ्या मण्याला मी पहिली अर्धी म्हटली, श्वास घेतला, आणि उरलेली अर्धी मागून कोणीतरी म्हटली!

"कोण रे?"

"मी पण तिकडेच चाललोय, बाय. म्हण तू."

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. चौथा मणी. पाचवा मणी. मी म्हणायची, तो म्हणायचा. सहाव्याला म्हणतो, "दमलीस, बाय. आता मी पुढे होतो, तू मागून म्हण." झाला पुढे. आवाज पुढे, मी मागे. सातव्याला पायाखाली चिखल. बांधावर कुठला आला चिखल? आठव्याला पाणी घोट्याशी. नवव्याला गुडघ्याशी! तुम्ही म्हणाल, थांबली का नाही? अगं, दहा मणी मध्येच तोडायचे असतात का? तुमच्या आयांनी तोडलेत कधी? तो मेला तेच ओळखून होता!

दहावा मणी. पाणी कमरेला. तो वळला. "मूर्ती दे इकडे, बाय, भिजेल." आणि हात पुढे केला. हातावर शेवाळ. बोटांना कालवं चिकटलेली, खडकाला चिकटतात तशी! गिऱ्हा! खाडीत बुडून मेलेला, माणसाला गोड बोलून पाण्यात नेणारा गिऱ्हा!

मी माऊली दोन्ही हातांनी छातीशी आवळली. आणि त्यानं काय करावं? अकरावी नमो मरिया सुरू केली.

अकरावी!

माझी भीती गेली उडत. "अकरावी कुठली रे? दहा झाल्या. आता 'पित्याला, पुत्राला' म्हण."

"चालवून घे ना, बाय."

"माऊलीसमोर चालवून घेऊ?"

तो खाली बघायला लागला. "येत नाही."

"धर्मशिक्षणाच्या वर्गात काय करायचास?"

"जायचो नाही. खेकडे धरायचो."

"दिसतंयच ते! चल, म्हण माझ्या मागून."

एक शब्द मी म्हणायची आणि एक पाऊल मागे घ्यायची. तो शब्द आठवण्यात गुंग, चालतोय माझ्यामागून. पवित्र आत्मा दर वेळी विसरायचा. "तिघं आहेत रे, तिघं! दोघांवर उरकतोस कसा?" चार वेळा म्हणवून घेतलं. चौथ्यांदा माझी टाच बांधावरच्या दगडी क्रुसाला लागली, आणि जी पळाले! मागून ओरडतोय, "बाय, आलं! मला आलं!"

आठाला पाच मिनिटं कमी असताना पोचले. माऊलीची फक्त पावलं ओली. खंड नाही. पण विश्वास? सगळ्या म्हणाल्या, पाय घसरून पडली असेल, आता गोष्टी रचते.

मग गेल्या शनिवारी हा पास्कू मला खोटी पाडायला अंधार पडल्यावर बांधावरून गेला. सकाळी सापडला कुठे? भर खाडीत, जाळ्याच्या खांबाला मिठी मारून, ओठ निळे! काठावर आणला तसा बोलायला लागला. दहाव्या मण्याला म्हणे पास्कू निवांत थांबला, आता गिऱ्हा अडेल मेला म्हणून. तो कसला अडतोय! 'पित्याला, पुत्राला' खडाखडा म्हटलं, आणि लगेच पुढचे दहा मणी सुरू.

म्हणून सांगते, रस्त्यानं तासभर चाला, पाय मोडले तरी चालेल, पण खाजणातल्या बांधावर अंधारात पाऊल टाकू नका. आधी दहाव्या मण्याला तरी माणूस सुटत होता. आता पाचही दहाके झाल्याशिवाय तो सोडत नाही, आणि तोवर डोक्यावरून पाणी.

आता गावाचा विश्वास बसलाय हो. फादरांचासुद्धा. माफी मागायला येतील म्हणून मी चहाचं आधण ठेवून बसले होते. आले सगळे. फादर म्हणाले, "इतकी वर्षं बिचारा दहावर अडत होता, लोक वाचत होते. त्याला पुढचं शिकवलं कोणी?" पास्कूनं घोंगडीतून बोट काढलं, माझ्यावर रोखलं, आणि अख्खा पाडा एका सुरात म्हणाला, "कोन्सूबाय!"